फळीवरचा रिकामा खिळा

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आधीच सांगून टाकते: भुताखेतांना मी काडीमात्र घाबरत नाही. ड्रिल मशीनला मात्र घाबरत होते, आणि तीच आठवड्याभरात चालवायला शिकायची होती.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. रविवारी ते दवाखान्यातून माझ्या नव्या, भाड्याच्या घरी येणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा पडले, तर आमच्या हातात काही राहणार नाही." त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायचे दांडे हवे होते. कारागीर म्हणाला, पंधरा दिवसांनी बघू. म्हटलं, राहू दे, चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाची लेक आहे मी!

खरं तर मला खिळासुद्धा धड ठोकता येत नव्हता.

मागच्या गॅलरीत प्लायवूडची एक फळी होती. तिच्यावर खिळे, आणि बहुतेक खिळ्यांखाली पेन्सिलीने काढलेला एकेका हत्याराचा आकार: हातोडी, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेप, पातळी बघायची लेव्हल, ड्रिल. बाबांच्या वर्कशॉपमध्ये हीच पद्धत होती. काय जागेवर नाही, ते बघताक्षणी कळतं. "काम संपलं की हत्यार जागेवर," हे ऐकतच मी वाढले. आधीच्या भाडेकरूचा हात मात्र थरथरत असावा. प्रत्येक रेघ उजवीकडून खाली येताना तुटायची आणि बोटभर अंतरावर पुन्हा सुरू व्हायची.

मला आयतीच यादी मिळाली. एकेक वस्तू आणून टांगली. सगळ्या तंतोतंत बसल्या, अगदी ड्रिलसुद्धा. ते मॉडेल गेल्याच महिन्यात आलंय, असं दुकानदार म्हणाला होता. गंमत वाटली. मी फळीचा फोटोही काढून ठेवला.

गुरुवारी फळीवर एक आकार जास्त होता. वीज तपासायच्या टेस्टरचा.

आधी दिसला नसेल, म्हटलं. फोटो उघडला. फोटोत नव्हता. आता मला कुठलं गप्प बसवतंय! टेस्टर आणला आणि जिथे भोक पाडणार होते, तिथल्याच एका जुन्या खिळ्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

भिंतीतली वायर सोलली गेली होती. वायरमन ती बदलता बदलता म्हणाला, "मॅडम, थोडक्यात वाचलात."  त्या फळीचे मी चक्क आभार मानले.

शनिवारी दुपारी दांडे बसले. स्वतः लोंबकळून पाहिलं, हलले नाहीत. ऐटीत ड्रिल टांगायला गेले, तर कडेच्या रिकाम्या खिळ्याखाली आणखी एक आकार.

लांब. वर वाकडी मूठ. मुठीखाली खाच.

बाबांची काठी. त्यांनी स्वतः घडवलेली. तशी खाच दुसऱ्या कुठल्याच काठीला नाही.

काम संपलं की...

मी धावत जाऊन पॉलिश पेपर आणला. फळीने तो कधीच मागितला नव्हता. रेघ नाहीशी होईपर्यंत घासत बसले. बोटं सोलवटली. खिळा मात्र काही केल्या निघेना.

रविवारी बाबा आले. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात काठी टेकत बाथरूमपर्यंत गेले.

"एकदम लेव्हलमध्ये आहे गं! कोणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

मग त्यांना गॅलरीतली फळी दिसली. "अरे वा! पण इथे कुणी घासलंय?"

"डाग होता, बाबा. चला, पडा जरा."

ऐकतील तर ना! त्यांनी काठी त्या खिळ्याला टांगली. माझी पेन्सिल उचलली. एका हाताने फळीचा आधार घेऊन काठीभोवती रेघ ओढायला लागले.

उजवीकडून खाली येताना हात थरथरला.

रेघ तुटली. बोटभर अंतरावर पुन्हा सुरू झाली.

"बाबा, तुम्ही या घरी आधी कधी आला होतात?"

"आज पहिल्यांदाच की गं, वेडे."

त्यांनी पेन्सिल जागेवर ठेवली, काठी खिळ्यालाच राहू दिली आणि ताठ चालत आपल्या खोलीकडे निघाले. मी बसवलेला एकही दांडा त्यांनी धरला नाही.