जानेवारीतलं पिवळं पीस

अक्षया सामंतने पुढे केलेल्या खुर्चीवर लक्ष्मी बसली नाही.

"माज्या घोवान, लवून, पाखरां मारल्यान म्हणान सकाळी तेका धरून नेल्यानी," ती म्हणाली. "लवू सुटासर मी खंयच बसूचंय नाय."

अक्षया मालवणात खासगी तपासाची कामं करायची. पोस्टातून निवृत्त झालेले भाई परुळेकर तिचे मदतनीस. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तोही तसाच राहिला.

"कोणाशी वैर?" अक्षयाने विचारलं.

"शेजारच्या अजयाक आमच्या परड्यातसून दर्यार जावक वाट व्हयी. लवून नाय म्हटल्यान. आणि तो कौस्तुभ. पाखरां बघूक पर्यटक हाडता, आमची मिरची तुडयता. लवून तेका हाकललो, तर म्हणता कसो, तुका आत घालतंय."

"मग कौस्तुभच," भाई म्हणाले.

"भाई, आधी तोंडवलीला, लवूच्या घरी तर जाऊ."

लवूच्या घरामागच्या परड्यात पुळणीच्या पांढऱ्या वाळूवर मिरचीची रोपं ओळीने उभी होती. वनपाल नम्रता राणे यांनी जप्त केलेलं जाळं आणि पिसांची पुडी दाखवली.

"पक्षी सुभग असेल, नाहीतर चष्मेवाला," त्या म्हणाल्या. "तपासणीचा अहवाल यायला वेळ लागेल. पण साक्षीदार आहे. लवूला उद्या कोर्टात उभं करावं लागेल."

अक्षयाने भिंग काढलं. नखाएवढी पिसं, टोकाला हळदीसारखी पिवळी, मुळाशी करडी. त्यांतच पंखाचं एक लांब पीस होतं, तपकिरी, कडेला फिकट रेघ. दोन-तीन पिसांना राखाडी चिखलाचे सुके कण घट्ट चिकटलेले.

"लवू काय म्हणतो?"

"जाळं आपलं नाही म्हणतो. सगळे तेच म्हणतात."

कौस्तुभ कुंपणाबाहेरच भेटला. गळ्यात दुर्बीण, चेहऱ्यावर घुस्सा. "धमकी दिली होती, नाकारत नाही. पण काल मी विजयदुर्गला होतो, आत्ता परततोय. पिसं मी पाहिलेलीसुद्धा नाहीत."

"बरो गेलो विजयदुर्गाक," भाई पुटपुटले.

साक्षीदार होता अजय. त्याच्या होमस्टेच्या पडवीत सुगरणीच्या घरट्यांचे दिवे टांगलेले होते. एक होल्डर तेवढा रिकामा होता.

"हे घरटं?" अक्षयाने विचारलं.

"फाटलं, टाकलं. दिवाळीला लावली होती सगळी." अजयने खुर्च्या पुसल्या. "काल संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं मॅडम. पिवळेधमक पक्षी जाळ्यात फडफडत होते, आणि हा लवू एकेकाची मान मुरगळत होता. बघवेना."

अक्षयाने नम्रताताईंकडून आणलेली पुडी उघडली. "नक्की ह्याच पिसांचे?"

"ह्याच. शप्पत."

अक्षयाचा आवाज एकदम खाली आला. भाईंना तो आवाज ठाऊक होता. ती फार संतापली की असंच बोलायची.

"भाई, लक्ष्मीला आणि नम्रताताईंना बोलवा. कौस्तुभलाही."

सगळे पडवीत जमले. अक्षयाने पिसं पांढऱ्या रुमालावर मांडली.

"सुभग नराचा पंख काळा, त्यावर पांढरा पट्टा. चष्मेवाल्याचा हिरवट. हे पीस तपकिरी आहे, कडेला फिकट. चिमणीसारखा पंख आणि डोक्याला पिवळी टोपी. कौस्तुभ, कोण हा?"

कौस्तुभने वाकून पाहिलं. "सुगरण. नर. पण..." तो थबकला. "आता जानेवारी आहे."

"तेच. सुगरणीचा नर पिवळा होतो तो पावसात, घरटी विणताना. भातं कापून झाली की तो पिवळा रंग झडतो. सध्या तो मादीसारखाच मळकट आहे. मग काल पिवळेधमक सुगरण फडफडले कुठून? आणि कौस्तुभला कुभांड रचायचं असतं, तर त्याने ही चूक केली नसती. ही चूक सुगरणीचं फक्त घरटं ओळखणाऱ्याची."

तिने शेजारचा एक दिवा उतरवला आणि घरटं उसवलं. आतल्या भिंतीवर राखाडी चिखलाचे वाळके गोळे थापलेले होते.

"नर घरट्यात असा चिखल लावतो. लवूच्या परड्यात नुसती वाळू. मग पिसांना शेतातला चिखल लागला कसा? अजय, पावसात तू फांद्यांसकट घरटी तोडलीस. एका घरट्याच्या धाग्यांत नर अडकून मेला, तिथेच सुकला. तुला पिसांची गरज पडली तेव्हा तू ते फाडलंस आणि पिसं जाळ्यासकट लवूच्या परड्यात टाकलीस. म्हणून तो होल्डर रिकामा."

अजय रिकाम्या होल्डरकडे बघत राहिला. "मी काय पक्षी मारला नाही," तो म्हणाला. "तो आधीच मेलेला होता."

आपण काय कबूल केलं ते त्याला बोलून गेल्यावर कळलं. नम्रताताईंनी जीपची किल्ली काढली. लवूला लगेच सोडायला त्यांनी फोनवर सांगितलं. मान वर न करता.

"लवू तुरुंगात गेल्यावर ही एकटी बाई वाट देईल, असं वाटलं तुला," भाई म्हणाले. पोस्टात उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं.

जीप रस्त्यावर उभी होती. गेस्ट चहाला बाहेर बसले होते आणि रस्त्यावर अर्धं गाव जमलं होतं. अजयने नम्रताताईंना हळूच विचारलं, "मागच्या बाजूने जाऊया? लवूच्या परड्यातून?"

लक्ष्मी आधीच कुंपणाच्या बेड्यात, म्हणजे फाटकात, जाऊन उभी राहिली होती. तिने बेडं ओढून घेतलं.

"हयसून वाट नाय," ती म्हणाली. "रस्त्यान जा. सगळ्यांका दिसांदे."