उमजकाळ

त्या वर्षी परभणीच्या कीर्तन संमेलनात बुवांच्या तोंडून निघालेलं वाक्य श्रोत्यांपर्यंत लगेच पोहोचत नसे. व्यासपीठापुढे एक झिरझिरीत, दिसेल न दिसेल असा पडदा होता. बुवांचा आवाज आणि हातवारे तो धरून ठेवी आणि ज्याची त्याची वेळ झाली की सोडून देई.

ती वेळ कोण ठरवी? कान शब्द पकडतो, पण अर्थ लागतो तो मेंदूला, आणि मेंदूला त्यासाठी अवधी लागतो. शब्द पोहोचल्यापासून तो समजेपर्यंतच्या अवधीला डॉ. शाल्मली औंढेकर यांनी ‘उमजकाळ’ म्हटलं होतं. ऐकू न येणाऱ्याला खुणांची भाषा आणि न दिसणाऱ्याला बुवांच्या अभिनयाचं वर्णन या सोयी तर पूर्वीही होत्या. पण खुणा वाचणारा सगळे हसून झाल्यावर हसायचा, आणि मंडळी मागे वळून बघायची. ते वळून बघणं कुठल्याच सोयीनं थांबत नव्हतं. शाल्मलीची कल्पना साधी होती. कपाळपट्टी प्रत्येकाचा उमजकाळ मोजणार. ज्याचा सर्वांत मोठा, त्याला वाक्य सर्वांत आधी मिळणार. इतरांसाठी ते थोपवलं जाणार. समजणार मात्र सगळ्यांना एकाच क्षणी.

“म्हणजे देवाच्या दारी शेवटच्याला पहिला मान,” दामोदरबुवा कळमनुरीकर हात जोडून म्हणाले होते. “पण शेवटचा कोण, हे कळतं का हो?”

“यंत्र कुणालाच सांगत नाही.”

“मला जाणवेल की. वाक्य टाकलं आणि मंडप गप्प, की मी काय करू?”

“थांबायचं, बुवा.”

“कीर्तनकारानं थांबायचं? बाई, त्यापेक्षा यंत्र करणं सोपं गेलं असेल तुम्हाला!”

पहिल्या संध्याकाळी मात्र ते थांबले. पुढच्या ओळीत अंबादासकाका बसले होते. एके काळी बुवांच्या मागे उभं राहून पखवाज वाजवणारे काका. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना आवाज ऐकू येई, पण शब्दांचे अर्थ लांबच्या वाटेनं येत. दोन वाक्यं झाली की तिसरं हरवायचं, म्हणून त्यांनी कीर्तनाला येणंच सोडलं होतं. त्या दिवशी बुवांनी एक विनोद केला. मग एकदा संथपणे ‘जय जय रामकृष्ण हरी’ म्हणून होईल एवढी शांतता पसरली, आणि सगळा मंडप एकदम हसला. त्यात काकाही होते. बुवांनी उपरण्यानं डोळे टिपले.

दुसऱ्या संध्याकाळी पूर्वरंग रंगला होता. बुवांची जीभ सैल सुटली होती. अशाच एका शांततेत ते बोलून गेले, “हसा बाबांनो, सवडीनं हसा! आमचं कीर्तन आज मालगाडीला जोडलंय. शेवटचा डबा आल्याशिवाय हलायचं नाही!”

यंत्रानं आपलं काम चोख केलं. हेही वाक्य त्यानं सर्वांत आधी काकांना दिलं. मग सगळ्यांना ते एकाच क्षणी समजलं आणि मंडप खळखळून हसला. हसले नाहीत ते फक्त काका.

तिसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. बुवांच्या वाट्याची शांतता निम्म्यावर आली, कीर्तन लवकर आटोपलं, आणि आधीचे दोन दिवस वेळ कुणामुळे लागत होता हे न सांगता सर्वांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा आणि शाल्मली काकांच्या घरी गेले.

“अंबादास, चुकलो रे. जिभेला हाड नाही माझ्या,” बुवा म्हणाले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. शाल्मलीला ती शांतता सोसवेना. “काका, बुवा म्हणताहेत की—”

काकांनी हात वर केला. “येतंय. थांब... पोरी.”

ती शरमली. सगळ्या मंडपाला थांबायला शिकवणारं यंत्र तिनं केलं होतं.

“राग नाही,” बऱ्याच वेळानं काका म्हणाले. “पण आता कीर्तन... ऐकू येत नाही. लोक किती खोळंबलेत... तेवढंच ऐकतो.”

“मी यंत्रात कायमचा एक थांबा घालते,” शाल्मली सावकाश म्हणाली. “कोण आलं, कोण नाही, कळायचंच नाही मग.”

या वेळी ती थांबली.

“मग थांबेल... यंत्र,” काका म्हणाले. “माणसं कुठे थांबली?”

ते आले नाहीत, आणि तो थांबाही तिनं घातला नाही. शेवटचा उठून गेला म्हणून शेवटची जागा रिकामी राहत नाही, हे शाल्मलीच्या हिशेबात नव्हतं. त्या जागी आता, ना दिसत ना ऐकू येत म्हणून ब्रेल पट्टीवर बोटांच्या टोकांनी कीर्तन वाचणाऱ्या कांताताई आल्या. खोकल्याचं निमित्त करून त्याही घरी राहिल्या. मग एक वयस्कर गुरुजी येईनासे झाले. मग एक अगदी धडधाकट गृहस्थ. त्यांचा स्वभावच जरा सावकाश विचार करण्याचा होता. यंत्र कुणाचंही नाव घेत नव्हतं. जो तो आपलं आपण ओळखत होता.

समारोपाच्या संध्याकाळी बुवांना थांबावंच लागलं नाही. मध्यंतरात बुक्का लावून घेताना ते म्हणाले, “आज मंडप कसा तयार आहे! शब्द पडायच्या आत झेलतोय.”

शाल्मलीचा चेहरा उतरला होता. “शब्द पडायच्या आतच, बुवा. तुमचं वाक्य संपायच्या आधी सगळ्यांची उमज नोंदली जाते आहे.”

“खोटं बोलतात?”

“नाही. मागे राहायची भीती इतकी बसली आहे, की मेंदू आधीच ‘समजलं’ म्हणून टाकतोय. त्यांना खरंच वाटतं, समजलं.”

बुवा व्यासपीठावर गेले. उत्तररंगात त्यांनी सुदाम्याचं आख्यान लावलं, त्याला द्वारकेच्या दारापर्यंत आणलं, चिपळ्या छातीशी धरल्या.

“आणि दार उघडलं तेव्हा सुदाम्यानं...”

एवढंच म्हणून ते गप्प झाले. सगळ्या माना डोलल्या. दोघीतिघींनी पदरानं डोळे पुसले.

“पुढं काय झालं, हे मी अजून सांगितलेलं नाही,” बुवा कळवळून म्हणाले. “कुणीतरी विचारा हो.”

याही वाक्याला सगळ्या माना एकाच क्षणी डोलल्या.