रेघ आधी

कमलबाईंच्या शाळेत रेघ शेवटी यायची. आधी अक्षर, मग काना-मात्रा, आणि सगळं झालं की डोक्यावरून सरळ रेघ. तांड्यावरची बंजारा पोरं घरी त्यांची गोरमाटी बोली बोलायची. त्यांना मराठीचा 'क' ओळखायला लावता लावता बाईंच्या नाकी नऊ यायचे. म्हणून हात न उचलता लिहायची ती जुनी मोडी लिपी सरकारनं शाळेतून काढली, हे बाईंना अगदी पटलेलं होतं. "बरं झालं, एक ब्याद टळली," असं त्या म्हणायच्या.

साल त्र्याहत्तर. सेनगावजवळच्या तांड्यावर पत्र्याची एक खोली, ती शाळा. तीनच वर्षांपूर्वी उघडलेली, आणि बाई तिच्या पहिल्या नि एकट्याच शिक्षिका. त्यांचा सगळा जीव पारूत. धनसिंगची ही लेक चौथीत होती आणि हुशार म्हणजे लई हुशार. स्कॉलरशिप मिळाली तर हिंगोलीच्या वसतिगृहात जाणार होती. धनसिंगनं तोंडावर सांगितलं होतं, "बाई, पास झाली तर पोरगी तुमची. न्हाई झाली तर उन्हाळ्यात लगीन. सोयरीक ठरल्यालीच हाय."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी पारूनं पाटीवर आधी रेघ ओढली.

"अगं येडे, रेघ मागून!"

पारूनं मान हलवली, पण पेन्सिल थांबली नाही. रेघेखाली अक्षरं एकात एक गुंतत निघाली, पाटीच्या पार कडेपर्यंत. असलं लिखाण बाईंनी जमिनीच्या जुन्या कागदांवर पाहिलं होतं. मोडी होती ती. बाईंना त्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ.

"कुणी शिकवलं तुला?"

"गुरुजीनं."

"कोन्ते गुरुजी? हितं मीच हाय ना?"

"ते मागून येतेत. हात धरतेत."

बाकीची पोरं हसली नाहीत. याचंच बाईंना नवल वाटलं.

मग हे रोजचंच झालं. सरावाच्या वह्या, गणिताचं पान, सगळं मोडीत. शिसपेन्सिल चालायची, पण आवाज यायचा बोरूचा, कुरकुर कुरकुर. खोलीत काळ्या शाईचा वास सुटायचा, आणि शाळेत तर शाईची बाटलीसुद्धा नव्हती. एकदा बाईंनी पारूचं मनगट धरून पेन्सिल थांबवायला बघितलं. एवढंसं लेकरू, पण हात दोन माणसांच्या हाताएवढा जड लागला. बाईंनी घाबरून सोडून दिला.

रविवारी त्या वह्या पिशवीत घालून सेनगावला अमृतराव गुरुजींकडे गेल्या. निजामाच्या राज्यात मोडी शिकवलेला तेवढा एकच माणूस उरला होता. मोडी बंद करू नका म्हणून त्यांनी अर्जावर अर्ज केले होते. कुणी विचारलं नव्हतं.

गुरुजींनी चष्मा पुसला, वाचायला लागले, आणि एकेक वही पुढंमागं लावत गेले.

"बाई, हे सगळं मिळून एकच पत्र हाय. 'शाळा उठली. गिरवायला पोर राहिलं नाही. आता एक हात मिळाला आहे, तो...' हितं वही संपली."

"कुणाचं पत्र?"

"नाव शेवटाला अस्तंय. ह्याला शेवटच न्हाई." त्यांनी वही मिटली. "पत्राच्या शेवटाला 'बहुत काय लिहिणे' असं लिहिल्याबिगर हात उचलायचा न्हाई, आमाला असंच शिकवलं. पोरीकडून तेवढं लिहून घ्या. सुटंल."

"मला कुठं येतंय मोडी?"

गुरुजी मागं उभे राहिले. बाईंचा हात धरून त्यांनी ते तीन शब्द गिरवून घेतले. वीस वेळा. रेघ आधी.

सोमवारी बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. पारूचा चेहरा उजळला. "बाई, तुमालाबी येतंय?"

तिनं पाटीवर उतरवलं. कुरकुर थांबली. पेन्सिल गळून पडली.

बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. सुटली गं माझी बाई!

पण पारूचा उजवा हात उठेना. पेन्सिल दिली की बोटांतून निसटायची. हिंगोलीचा डॉक्टर म्हणाला, हाड बराबर हाय, नस बराबर हाय. डावा हात धरून बाईंनी महिनाभर गिरवून घेतलं. एक अक्षर उमटलं नाही.

परीक्षेत पारूनं पेपर कोरा दिला.

धनसिंग रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमी लई केलं, बाई. तिचं नशीब." लग्नाची तारीख सांगून तो गेला.

बाई दुपारी शाळेतच बसल्या आणि अर्ज लिहायला घेतला. पोरीला पुन्हा परीक्षेला बसू द्यावे, एवढंच. ऐकणार कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं. पारू शेजारी बसून बघत होती, उजवा हात मांडीवर ठेवून.

पत्रा तापून कडकडत होता. बाई लिहीत होत्या.

"बाई," पारू हळूच म्हणाली, "माझं पत्र झालं. तुमचं कुठवर आलं?"

कमलबाईंनी खाली पाहिलं.

पान भरत आलं होतं. रेघ आधी ओढलेली होती, आणि हात उचलत नव्हता.