मोजणाऱ्याला सांगायचं नाही

जिन्याच्या वळणावर मी त्याच्यावर आदळले. हातातले कागद पायऱ्यांवर पसरले, आणि उचलू लागायचं सोडून त्याने गच्च डोळे मिटून घेतले!

"अहो, मदत तरी करा!"

"कशी करू? त्यावर नावं असतील. कुणाला संमोहन मिळतंय हे मला कळता कामा नये. तुम्ही झोपवणाऱ्या डॉक्टरबाई ना?"

"झोपवत नाही मी. संमोहनात माणूस जागाच असतो," मी फणकारले. "आणि आपण?"

"मी पट्टीवाला," तो डोळे मिटूनच हसला.

मनावरचा ताण उतरला तर अंगावरचं इसब कमी होतं का, हे आमचा मनोविकार विभाग तपासत होता. साठ रुग्ण. निम्म्यांना दर आठवड्याला मी संमोहन द्यायचे, निम्मे नुसतेच शांत बसून मासिकं चाळायचे. कोण कुठल्या गटात हे माहीत नसलेला हा त्वचेचा डॉक्टर पारदर्शक पट्टी घेऊन प्रत्येकाचे चट्टे मोजायचा. त्याला कळलं असतं, तर नकळत एखादा मिलीमीटर इकडचा तिकडे झाला असता. म्हणून विभागप्रमुख बाईंनी दोघांनाही बजावलं होतं, "एकमेकांशी कामाचं अक्षरही बोलायचं नाही. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल."

कामाचं बोलायचं नाही म्हटल्यावर उरलं काय? बाकीचं सगळं! कँटीनमधल्या खिडकीशेजारच्या टेबलावर मला कळलं की धाकटी बहीण त्याला बुद्धिबळात दर रविवारी हरवते, आणि त्याला फक्त श्वास आत घेतानाच शीळ वाजवता येते. त्याला कळलं की माझी आई कुंड्यांना पाणी घालताना झाडांना रागावते.

"आणि झाडं ऐकतात?"

"मी ऐकत नाही, म्हणून त्यांना ऐकावं लागतं."

तो इतका हसला की चहा सांडला.

एकदा संमोहनासाठी माझ्या खुर्चीत रेलून बसलेल्या एक मुख्याध्यापिका डोळे मिटूनच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, आज तुमचा आवाज फारच गोड येतोय. कोण आहे?"

"लक्ष श्वासाकडे ठेवा."

"माझं आहे हो... तुमचंच नाही!"

मग एका मंगळवारी तो चमच्याने कप ढवळत म्हणाला, "मला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय. आपलं काम संपलं की... बघू."

"छानच की," मी म्हणाले.

संध्याकाळी माझ्या मानेवर गांधी उठल्या. लाल, टपोऱ्या, खाजऱ्या. आई औषध लावता लावता म्हणाली, "गावाचे ताण उतरवतेस आणि स्वतःचं हे असं? दिव्याखाली अंधार!" मी स्वतःलाच संमोहन देऊन पाहिलं. दहापासून उलटे आकडे मोजत सहापर्यंत आले, की डोळ्यांपुढे तोच, कप ढवळत!

गुरुवारी मी गळ्याभोवती रुमाल गुंडाळून गेले. त्याने पाहिलंच.

"हलू नका हं." रुमाल जरासा बाजूला झाला... थंडगार पट्टी मानेला टेकली. "बावीस मिलीमीटर. कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारी काय झालं होतं?"

मी रुमाल पुन्हा गुंडाळू लागले. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"शेवटची मोजणी तीन आठवड्यांनी आहे," तो एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर कँटीनमध्ये आलाच नाही. मला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी बाईंनी कोण कुठल्या गटात याचं सीलबंद पाकीट फोडलं. त्याचे आकडे आणि माझी यादी शेजारी ठेवली गेली. माझ्या गटातल्या बहुतेकांचे चट्टे आक्रसले होते, झोप सुधारली होती. मुख्याध्यापिकांचे हात तर जवळजवळ स्वच्छ! सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र गर्दीत त्याला शोधत होते. तो दाराशी उभा होता.

"तुम्ही टाळलंत मला," मी म्हणाले.

"टाळलंच. मान मोजताना हात थरथरत होता माझा. अशा हाताने तुमचे रुग्ण कसे मोजणार होतो? म्हटलं, आधी काम इमानाने पुरं करावं. आता... संमोहन द्या आणि विचारा, माझा जीव कुणावर जडलाय."

"संमोहनातही माणूस खोटं बोलू शकतो."

"मग शुद्धीवर असतानाच सांगतो. तुमच्यावर."

इतके दिवस इतरांना शांत श्वास शिकवणारी मी, माझाच श्वास कुठल्या कुठे गेला. आणि तोंडातून एकदम निघालं —

"मग जाऊ नकोस ना रे!"

तो पाहतच राहिला. "काय म्हणालीस?"

"जाऊ नकोस म्हणाले."

"त्याच गुरुवारी नकार कळवलाय मी. पण ते 'रे'... ते पुन्हा एकदा म्हण."

मी म्हटलं. त्याच्या अगदी जवळ जाऊन.