दुसरी शिट्टी

थर्ल्बीसाहेबाला चौथी पट्टी, म्हणजे कप्तानपद, हवं होतं. बाहीवर तीन पट्ट्या घेऊन तो नऊ वर्षं कमांडर म्हणून कुजत पडला होता आणि त्याचा राग रोज खलाशांवर काढत होता. युद्धनौकेचा रंग नवा दिसला पाहिजे, पितळ चकाकलं पाहिजे. माणसांचं काय व्हायचं ते होवो.

१९०९ सालच्या मे महिन्यात, पोर्टलंड बंदरात, ॲडमिरलच्या तपासणीच्या आदल्या दिवशी जहाजाच्या कुशीवर एक ओरखडा दिसला. थर्ल्बीनं पास्को नावाच्या खलाशाला राखाडी रंगाचा डबा देऊन दोराच्या फळीवर बसवलं आणि खाली सोडलं. समुद्र खवळलेला होता.

"साहेब, वर घ्या! फळीवर बसवत नाही!" पास्को ओरडला.

"ओरखडा बुजव, मग ये," थर्ल्बी म्हणाला.

ओरखडा बुजला. पास्को मात्र सापडला नाही. चौकशीत अपघात ठरला, आणि थर्ल्बीला त्या रात्री शांत झोप लागली.

जूनच्या शेवटच्या सकाळी तो किनाऱ्यावरून परतत होता. बढत्यांची यादी त्याच दिवशी यायची होती. होडी जहाजाला लागली, त्यानं शिडीवर पाय ठेवला आणि वर तांडेलाची शिट्टी वाजली. आधी चढत गेली, मग लांबवर उतरत गेली.

थर्ल्बीचा ऊर भरून आला. आरमारात ही शिट्टी कमांडरसाठी वाजत नाही, कप्तानासाठी वाजते. म्हणजे यादी आली!

डेकवर म्हातारा तांडेल नॅनकिव्हेल एकटाच उभा होता. शिट्टी गळ्यात, हात पाठीमागे.

"यादी आली वाटतं?"

"नाही साहेब. दुपारी येईल म्हणतात."

"मग शिट्टी कशाला फुंकलीस? माझी मस्करी करतोस?"

"मी नाही फुंकली. ऐकली मात्र." म्हातारा त्याच्या खांद्यामागे, शिडीकडे बघत होता. "कप्तानसाहेब तर खाली नाश्ता करतायत. मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी घेऊन आलात."

"कुणाला?"

"कप्तान सोडला तर ही शिट्टी जहाजावर आणलेल्या प्रेताला मिळते, साहेब. इतकी वर्षं आरमारात काढलीत, विसरलात होय?"

थर्ल्बीनं त्याची महिनाभराची सुट्टी बंद केली. दुपारी यादी आली. तिच्यात थर्ल्बीचं नाव होतं.

ऑगस्टमध्ये तो शिअरनेस बंदरात एका क्रूझर युद्धनौकेवर कप्तान म्हणून रुजू व्हायला निघाला. तिथं पास्कोचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं, याचं त्याला फार बरं वाटलं. पाणी अगदी संथ होतं. तरी होडीतला एक वल्हेकरी शेजाऱ्याला पुटपुटला, "आज जड जातेय रे होडी."

थर्ल्बी शिडी चढला. शिट्ट्या वाजल्या, या वेळी खऱ्याखुऱ्या, त्याच्या हक्काच्या. अधिकाऱ्यांचे हात कपाळाशी गेले. त्यानं सलाम घेतला.

शिट्ट्या थांबल्या.

हात खाली आले नाहीत. सगळे त्याच्या खांद्यामागे बघत होते.

मग शिट्ट्या पुन्हा वाजल्या.

त्यानं वळून पाहिलं. शिडीवर कुणीच नव्हतं. फक्त घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी कठड्यावर राखाडी रंगात पाच बोटं उमटली होती.

रंग अजून ओला होता.