वलयातली जागा

राहुरीच्या शाळेत एलिया मास्तर रसायनशास्त्र शिकवायचे. माणूस तसा तापट, पण शिकवायला उभा राहिला की ऐकत राहावं! त्या सकाळी धडा होता वलयी संयुगांचा. मास्तरांनी सहा पोरांना हात धरून ओळीत उभं केलं. ही झाली साखळी. मग दोन्ही टोकांच्या पोरांना एकमेकांचे हात धरायला लावले. हे झालं वलय.

“आता पहिला कोण, शेवटचा कोण, सांगा बघू!”

कुणालाच सांगता येईना. पोरं हसायला लागली. मास्तरांनी बन्सीला वलयातून ओढून काढलं आणि त्याच्या जागी दुसराच पोरगा उभा केला. “कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो तो असा. वलयाचं काही अडत नाही.” बन्सी बिचारा मोकळे हात घेऊन बाजूला उभा राहिला.

डांबराच्या गोळ्या, कापडाचे रंग, औषधं, सगळा वलयांचाच कारभार, असं मास्तर सांगत होते, तोच शिपाई निरोप घेऊन आला. माहेरी गेलेल्या त्यांच्या बायकोला, मरियाला, कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण. मास्तरांनी खडू टाकला आणि एस.टी. गाठली.

तिसगावला उतरलं की सासरची वस्ती माळापलीकडं. वाट पायाखालची. बहात्तर सालचं ऊन, गवताचं पातं नाही. एकच बाभूळ, आणि तिच्याखाली शेरडं राखत बसलेली लंकाबाई.

“कुनाकडं निघालात, मास्तर?”

“चांगुणाबाईंकडं. मरियाला कळा येतायत.”

मास्तर झपाझप चालले. कोरडा ओढा उतरले, चढले. समोर बाभूळ.

“कुनाकडं निघालात, मास्तर?” लंकाबाईनं अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं विचारलं.

मास्तर चिडले. उन्हानं डोकं फिरलं असेल, म्हणत पुन्हा निघाले. या खेपेला पुढं कुणीतरी चाललं होतं. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, चाल ओळखीची. हाक मारली तरी त्यानं मान वळवली नाही. मग मागंही पावलं वाजू लागली. वळून बघायचा धीर मास्तरांना झाला नाही. तिकडं मरिया एकटी, आणि आपण इथं! त्यांना रडू फुटलं.

पुन्हा बाभूळ.

“चकवा लागलाय तुमाला,” लंकाबाई म्हणाली. “सदरा उलटा घाला. वाट सुटंल.”

एरवी मास्तरांनी तिची टर उडवली असती. आता मुकाट्यानं सदरा काढून उलटा घातला. ओढा चढताच वस्ती दिसली.

दारात सासूबाई, चांगुणाबाई, उभ्या होत्या. त्या दचकल्याच. “अगं बाई! मास्तर? आन् सदरा असा उलटा?”

“मरिया कशी आहे?”

“बरी हाय. लेक झाली म्हनून मगाशीच सांगितलं की. तुमीच तर तिला मांडीवर घेऊन बसलात.”

आतून आवाज आला. लाडातला, हसरा, मास्तरांचा स्वतःचा.

“पहिला कोण, शेवटचा कोण, सांग बघू!”

चांगुणाबाईंनी आत पाहिलं.

मग मास्तरांच्या उलट्या सदऱ्याकडं पाहिलं.

आणि हळूच दार लोटून घेतलं.