हात जरा बाजूला घ्या ना

काचेवर टकटक झाली तेव्हा ती माइक बंद करून बिस्कीट खात होती.

बसस्थानकावरच्या त्या केबिनची काच सहसा कुणी वाजवत नसे. लोकांना काय भांडायचं ते तिकिटाच्या खिडकीशी भांडत. फलाटाच्या टोकाला, पंख्याखाली बसून गाड्यांची नावं पुकारणाऱ्या मुलीशी कुणाचं काय काम असणार? सगळ्या स्थानकाला तिचा आवाज पाठ होता, चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. आणि तिला तेच बरं वाटायचं.

बाहेर एक तरुण उभा होता. खांद्यावर चक्क एक खुर्ची... लाकडी, नव्यानं विणलेल्या वेताची.

“माझी गाडी गेली का हो?” त्यानं विचारलं. बोलणं स्वच्छ होतं, फक्त जरा मोठ्यानं आणि एकसुरी.

“गेली! फलाट बदललाय म्हणून घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते मी,” ती म्हणाली. नेहमीच्या सवयीनं, तोंडावर हात ठेवून.

तो तसाच बघत राहिला. मग मान किंचित कलती करून म्हणाला, “हात जरा बाजूला घ्या ना.”

“काय?”

“हात. मला कानांनी ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं.”

आजवर तिला कुणी असं सांगितलंच नव्हतं. तिनं क्षणभर हात खाली घेतला, “गेली. पुढची तासाभरानं,” एवढं घाईघाईनं सांगितलं आणि हात पुन्हा वर.

“तासाभरानं. कळलं. आणि तुम्ही रागावलात, तेही कळलं.”

“मी कुठे रागावले?”

“आता काय म्हणालात ते नाही कळलं,” तो हसून म्हणाला. खांद्यावरची खुर्ची काचेसमोर मांडली आणि तिच्यावर ऐसपैस बसून वाट बघू लागला.

त्याची गाडी लागली तेव्हा तिनं माइकवर पुकारा केला, आणि मग — का कोण जाणे — केबिनचं दार उघडून त्याला सांगायला स्वतः बाहेर गेली.

तिच्या दातांवर तपकिरी ढगांसारखे डाग होते. लहानपणी ज्या विहिरीचं पाणी प्यायली, ते पाणीच तसं. गावात बहुतेकांचे दात असेच, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही आहे हे तिला गाव सोडेपर्यंत ठाऊकच नव्हतं. शहरात शिकायला आली आणि वसतिगृहातल्या एका मुलीनं अगदी मायेनं विचारलं, “तू दात घासत नाहीस का गं?” त्या दिवशी हात तोंडावर गेला तो गेलाच.

आता शिक्षण संपलं होतं, नोकरी होती, टायरच्या दुकानावरची एक खोली होती. आई-वडील राहिले नव्हते. दादा-वहिनी लांबच्या गावी. दिवसभर हजारो माणसांशी बोलणारी ती, खोलीवर आली की शब्दही बोलत नसे. बोलणार कुणाशी? सुट्टीचा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी माइकसमोर बसल्यावरच तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, आणि तो तिला जरा परकाच वाटायचा.

खुर्चीवाला — तिनं मनातल्या मनात त्याचं नाव तेच ठेवलं — दर आठवड्याला शेजारच्या गावी सुतारकाम शिकवायला जायचा. शाळेत असताना ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला, असं त्यानं एकदा हसत हसत सांगितलं. हळूहळू तो गाडीच्या वेळेआधीच येऊ लागला. मग बराच आधी.

“आज काय सांगितलंत सगळ्यांना?”

“तेच. कुठली गाडी कुठल्या फलाटावर.”

“सगळ्यांना सांगता. एकदा माझ्यासाठी सांगा की.”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. माइक बंदच होता. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिनं पुकारा केला — “कृपया लक्ष द्या. खुर्चीवाल्यांनी वाटेत बसून प्रवाशांची अडचण करू नये...”

तो इतक्या मोठ्यानं हसला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. तीही हसली... आणि हात झटकन तोंडावर गेला. त्याचं हसू तिथेच थांबलं. तो नुसता वाट बघत राहिला. हात खाली येईपर्यंत तो नेहमी असाच थांबायचा.

जाताना म्हणाला, “पुढच्या वेळी लवकर येतो. माझ्याबरोबर चहा घ्याल? काचेशिवाय?”

तिनं मान हलवली. दिवसभर चुकीच्या गाड्या चुकीच्या फलाटांवर पाठवल्या, आणि साहेबांची बोलणी खाल्ली तीसुद्धा गोड लागली.

संध्याकाळी आरशासमोर उभी राहिली तेव्हा मात्र तिचा जीव खाली-वर झाला. चहाच्या टेबलापाशी तो समोर बसणार. आणि बघणार कुठे? ओठांकडेच. सारा वेळ. तिच्या तोंडाकडे टक लावून बघणारं जगातलं एकच माणूस, आणि नेमकं तेच आवडावं तिला!

खासगी दवाखान्यात दात पांढरे करायचा खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा होता. मग फोनवर व्हिडिओ सुरू झाले. लिंबू आणि खायचा सोडा. कोळशाची पूड. वहिनीला फोन लावला तर ती म्हणाली, “अगं, मिठानं घास. नाहीतर असं कर, ओठ मिटून हस. माझ्या लग्नाच्या फोटोत तू तशीच छान दिसतेस.”

ती लिंबू-सोडा लावून घासू लागली. दात करकरीत वाटायचे, डाग मात्र जागचे हलेनात. मग तिनं ऑनलाइन एक स्वस्तातलं जेल मागवलं. डबीवर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं. आत काय आहे, किती आहे, याचा पत्ता नव्हता. थोडा वेळ लावायचं होतं. पण थोडा वेळ लावून थोडंच उजळेल, असं वाटून तिनं ते लावलं आणि तशीच झोपली.

सकाळी हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. ओठ सुजला होता. पाण्याचा घोट घेतला आणि कळ थेट डोक्यात गेली. थंडीचे दिवस, नुसतं तोंड उघडून श्वास घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि डाग? आजूबाजूचा दात जरासा उजळल्यामुळे ते अधिकच उठून दिसत होते.

नेमका त्याच दिवशी तो आला. नवा शर्ट, नीट विंचरलेले केस, खांद्यावर काही ओझं नाही. तिनं नाकापासून हनुवटीपर्यंत ओढणी घट्ट गुंडाळली होती.

“निघायचं?” त्यानं विचारलं.

“आज नको,” ती ओढणीच्या आतून म्हणाली. “बरं नाहीये. खरंच.”

“काय म्हणालात?”

तिनं हातानं ‘नाही’ अशी खूण केली.

“ओढणी जरा...” तो म्हणाला. आणि ती मागे सरकली. सगळं एका क्षणात झालं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. “कळलं,” तो म्हणाला. हे असं सपाट ‘कळलं’ तिनं त्याच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं. तो गाडीकडे न जाता स्थानकाबाहेर गेला. तिनं हाक मारली. दोनदा मारली. मग आठवलं, आपण कुणाला हाक मारतोय ते... आणि ती तिथेच उभी राहिली.

सरकारी दंत रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात दिवा धरून बघितलं आणि सुस्कारा सोडला.

“लिंबू?”

तिनं मान हलवली.

“लिंबू सरबतात घालायचं असतं गं बाई. आम्लानं दातांचं वरचं कवच मऊ होतं, त्यावर सोडा घासला की ते झिजतं. झिजलेलं पुन्हा वाढत नाही. आणि जेलनं हिरड्या भाजल्यात. आधी दात तपासायचे, मग जेल, तेही दातांच्या मापाच्या साच्यात भरून, मोजकं, मोजका वेळ. मग घरी केलं तरी चालतं, आणि इथे फार खर्चही येत नाही.”

“डाग जातील?”

“फिकट होतील. पूर्ण जातीलच असं खोटं सांगणार नाही. ते वरून लागलेले नाहीत, दात घडतानाच आत बसलेत. सध्या मऊ ब्रश, दात शिवशिवतात त्यासाठीची पेस्ट, आणि हिरड्या बऱ्या होईपर्यंत काही म्हणजे काही लावायचं नाही.” मग हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं, “एवढी घाई कशाची होती?”

ती खुर्चीवर आडवीच होती. “एकाला माझं बोलणं दिसायला हवं होतं,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सूज उतरली. हिरड्या गुलाबी झाल्या. तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. त्याच्या गाडीचा पुकारा करताना तिचा आवाज उगाचच हळू व्हायचा. सगळ्या स्थानकाला ऐकू जाणारा तो आवाज ज्याला ऐकू जायला हवा त्याला कधीच जाणार नव्हता. तिच्याजवळ त्याचा पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता. त्याच्या शिकवण्याच्या दिवशी मुद्दाम सुट्टी टाकून ती केबिनमध्ये न जाता फलाटावर गेली आणि त्याच्या गाडीत बसली.

सुतारशाळा शोधायला वेळ लागला नाही. तो दारातच भुसा झटकत होता. तिला पाहून दचकला, पण पुढे आला नाही.

“ओठ भाजला होता,” ती म्हणाली. हात घट्ट मागे बांधून. “दात पांढरे करायला गेले. घरच्या घरी. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“तुम्ही माझ्या तोंडाकडेच बघता ना सारखे!”

त्यानं शाळेचं दार ओढून घेतलं. मग दोघं परतीच्या गाडीच्या थांब्याकडे चालू लागले. वाटेत थांबून त्यानं सांगितलं, “माझं लग्न ठरलं होतं एकदा. ती सुरुवातीला सावकाश बोलायची. पुढे कंटाळली. माणसं कंटाळली की आधी मान वळवून बोलायला लागतात... मग मी विचारायचंच सोडतो. तुम्ही ओढणी घेतलीत तेव्हा वाटलं, झालं, इथेही आलं. म्हणून बाहेरच्या रस्त्यावरून दुसरी गाडी धरायला लागलो.”

“मी कंटाळले नाही.”

“मग हात का असतो तोंडावर?”

“घाण दिसतात म्हणून.”

“काय घाण दिसतात?”

“दात हो!” ती चिडली. “तुम्ही बघितले नाहीत?”

“बघितले की. डाग आहेत.” तो शांतपणे म्हणाला. “मला वाटलं, काहीतरी मोठं लपवताय.”

थांब्यापर्यंत पोचेतो अंधारून आलं होतं. बाकावर एक म्हातारा, दोन पोत्यांची मालकीण आणि शाळेच्या काही मुली गाडीची वाट बघत होत्या. लांब वळणावर गाडीचे दिवे दिसले. आता नाही तर कधी, असं म्हणून तिनं सगळा धीर गोळा केला आणि बोलून टाकलं. इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेलं, एका दमात.

“थांबा, थांबा,” तो म्हणाला. “दिसलं नाही. अंधारात मी ठार बहिरा असतो.”

“अरे देवा!”

तो थांब्यावरच्या एकुलत्या एक दिव्याखाली जाऊन उभा राहिला. तीही गेली. पिवळा प्रखर उजेड थेट तिच्या तोंडावर. म्हातारा बघतोय, मुली बघताहेत, गाडी जवळ येतेय. दातांतून थंडी शिवशिवली. हात आपोआप उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला, कारण त्यानं तो मध्येच धरला होता.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “फार. आता दिसलं?”

“नाही,” तो म्हणाला.

“खोटारडे! दिसलंय तुम्हाला.”

“दिसलं,” त्यानं कबूल केलं. डोळे तिच्या ओठांवरून हलत नव्हते. “पण मला कधी कुणी हे सांगितलेलं नाही. पुन्हा म्हण ना... सावकाश.”

गाडी येऊन उभी राहिली. म्हातारा चढला, पोती चढली, मुली खिदळत चढल्या. कंडक्टरनं घंटी वाजवली. ती दिव्याखाली उभी राहून सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगू लागली.